मळणे, थापणे, भाजणे : एका कुंभारकोशाची प्रस्तावना

आठवडी बाजारात माठ घ्यायला गेली की आई त्याच्या रंगाकडे फारसे बघत नसे. डाव्या तळहातावर माठ तोलून धरायची आणि उजव्या हाताच्या मधल्या बोटाने त्याच्या पोटावर टिचकी मारायची. खणखणीत वाजला तर बाजूला काढायची, बद्द वाजला तर मुकाट्याने परत ठेवायची. विकायला बसलेल्या बाईला त्याचा राग येत नसे. उलट पुढचा माठ तीच उचलून वाजवून दाखवायची. भावाची बोलणी त्यानंतर. त्या आवाजात नेमके काय ऐकायचे असते हे मला कळले ते कितीतरी वर्षांनी, माझे स्वतःचे हात मातीत गेल्यावर. नीट भाजलेल्या मातीचे कण एकमेकांना धरून बसलेले असतात, म्हणून टिचकीचा कंप भांड्याच्या अंगभर फिरतो. भाजणी कच्ची राहिली असेल किंवा केसाएवढा तडा गेला असेल, तर तो वाटेतच विरतो. आईला यातले काही माहीत नव्हते, पण तिचा अंदाज सहसा चुकत नसे.

संगमनेर तालुक्यात प्रवरेच्या काठी जोर्वे नावाचे गाव आहे. 1950-51 मध्ये तिथे उत्खनन झाले आणि दख्खनमधल्या ताम्रपाषाणयुगातल्या एका संपूर्ण संस्कृतीला या लहानशा गावाचे नाव मिळाले. पुढे शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठच्या इनामगावात डेक्कन कॉलेजच्या लोकांनी 1968 पासून कितीतरी हंगाम खोदकाम केले, तिथेही याच जातीची भांडी सापडली. काळ साधारण इसवीसनापूर्वी 1400 ते 700. चाकावर घडवलेली पातळ भांडी, तांबूस अंगावर काळ्या रंगाची रेघांची नक्षी, काहींना बाजूला तोटी. त्यांचे वर्णन करताना पुरातत्त्वाचे अभ्यासक एक गोष्ट आवर्जून लिहितात : वाजवून पाहिली तर ही भांडी धातूसारखी वाजतात. हे वाक्य मी पहिल्यांदा वाचले तेव्हा पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिले. म्हणजे तीन हजार वर्षांपूर्वीही त्या नदीकाठी कोणीतरी मडके तळहातावर धरून त्यावर बोट वाजवले असणार. याच इनामगावात मूल दगावले की दोन मोठी मडकी तोंडाला तोंड लावून आडवी ठेवत आणि त्यांच्या पोटात त्या मुलाला निजवून घराच्या जमिनीखाली पुरत. पाणी, धान्य आणि मूल, तिन्ही सांभाळायला त्यांच्याकडे मडकेच होते.

धाराशिव जिल्ह्यातल्या तेरचे गोरोबाकाका आपल्याला ठाऊक असतात ते त्यांच्या थापटण्यासह. संतांची मांदियाळी जमली आहे, मुक्ताबाईंच्या सांगण्यावरून गोरोबा एकेकाच्या डोक्यावर थापटणे मारून कोणते मडके भाजलेले आणि कोणते कच्चे हे पारखत आहेत, नामदेव चिडतात आणि कच्चे ठरतात. ही कथा कीर्तनात भक्तीच्या अंगाने सांगितली जाते आणि तशीच ती सांगावी. कुंभारकाम शिकल्यावर मला तिच्यात आणखी एक गोष्ट दिसली. थापटणे हे मडके घडवायचे साधन आहे. ते मातीवर चालते ती ओली असताना. भाजून झालेले मडके पारखायला बोट पुरते. म्हणजे गोरोबांनी पारखायला घेतले ते त्यांच्या हाताला रोजचे असलेले घडवायचे अवजार. कथा रचणाऱ्याच्या हे मनात होते की नाही, कोण जाणे. कुंभाराला मात्र ही कथा ऐकताना ते जाणवल्याशिवाय राहत नाही.

अशा रीतीने मी एकेक शब्द उलटून पाहू लागले आणि वह्या भरत गेल्या. या पुस्तकाचा उगम त्या वह्यांत आहे.

पुस्तक उघडताच वाचकाला एक गोष्ट खटकेल. कोश म्हटला की तो अकारविल्हे असायला हवा. हा तसा नाही. सुरुवातीला मीही शब्द अ, आ, इ असेच लावले होते. ‘आवा’ पहिल्याच पानावर आला, ‘माती’ पार मधे आणि ‘वाळवणे’ शेवटाकडे. म्हणजे माती कालवण्याआधीच भट्टी पेटली. ती मांडणी मी मोडली आणि शब्द कामाच्या क्रमाने लावले : आणणे, वाळवणे, कुटणे, चाळणे, भिजवणे, तुडवणे, मळणे, चाकावर धरणे, उचलणे, कापणे, थापटणे, घोटणे, रंगवणे, रचणे, भाजणे, वाजवणे, फुटणे. प्रत्येक क्रियापद एक प्रकरण आहे, आणि त्या कामात लागणारी हत्यारे, मातीची अवस्था, होणाऱ्या चुका आणि त्यांवरचे उपाय त्या क्रियापदाच्या घरात राहायला आले आहेत. शेवटी शोधसूची आहे, घाईत असणाऱ्याने तिथून यावे.

क्रियापदांचा हा आग्रह उगाच नाही. स्टुडिओत इंग्रजी पुस्तकांवरून हे काम शिकताना मातीच्या अवस्थांची नावे पाठ करावी लागतात : चिखलासारखी, मऊ, चामड्यासारखी, हाडासारखी. ती नावे उपयोगाची आहेत, मी ती वर्गात वापरते. पण कुंभारवस्तीतल्या एका मावशींना मी विचारले की माती धड ओली नाही, धड सुकी नाही, कान जोडता येतो पण बोट रुतत नाही, त्या वेळच्या मातीला तुम्ही काय म्हणता? त्यांनी मडके उचलले, गालाला लावले आणि म्हणाल्या, “अजून गार लागतंय.” मी पुन्हा विचारले, नाव काय? “नाव कशाला? गार लागतंय तवर थापटायचं. गार लागायचं थांबलं की सोडायचं त्याला.” मी वहीत ‘गार लागणे’ हीच नोंद केली. ती बरोबर आहे. ओल्या मातीतले पाणी उडून जाताना उष्णता ओढून घेते, म्हणून गालाला गारवा लागतो. पाणी संपले की गारवाही संपतो. तोच नियम पुढे माठात पाणी गार करतो. मावशींच्या एका वाक्यात मातीची अवस्था, ती ओळखायची खूण आणि पुढची कृती अशा तिन्ही गोष्टी होत्या.

मराठी कुंभारकामाचे शब्द आपल्याला परके वाटत नाहीत याचे कारण ते निम्मे स्वयंपाकघरातले आहेत. पीठ भिजवतात, मळतात, थापतात, भाजतात. मातीचेही तेच. भाकरीचे पीठ नीट मळले नाही तर थापताना कडेला चिरते, मातीही तशीच चिरते. मुरलेली कणीक जास्त लवचीक होते आणि मुरलेली मातीही. भाकरी फुगते ती आतल्या वाफेने. मडक्यात ओल राहिली तर वाफ तिथेही होते, फक्त तिला फुगायला जागा नसते. पाण्याची वाफ झाली की तिला पाण्याच्या सोळाशे पटींहून जास्त जागा लागते, म्हणून जाड बुडाचे, अर्धवट वाळलेले भांडे आगीत गेले की स्फोट व्हावा तसे फुटते आणि शेजारच्या चार भांड्यांना घेऊन जाते. ज्या बाईने आयुष्यभर भाकऱ्या थापल्या आहेत तिला मी मळण्याची पद्धत पाच मिनिटांत शिकवू शकते. ज्यांनी कधी पिठाला हात लावलेला नाही अशा पुरुषांना आठवडा लागतो. हा माझा वर्गातला अनुभव आहे.

आता मातीविषयी. महाराष्ट्राला काळी माती मिळाली आणि कापूस, ज्वारी पिकली. कुंभाराला मात्र ती जशीच्या तशी कामाची नाही. काळ्या मातीतला चिकणमातीचा अंश पाणी पिऊन खूप फुगतो आणि वाळताना तितकाच आकसतो. उन्हाळ्यात शेताला पाय जाईल एवढ्या भेगा पडतात त्या याच गुणाने. अशा मातीचे मडके सावलीतच तडकेल. म्हणून कुंभार तळ्याचा, ओढ्याचा, नदीच्या वळणावरचा गाळ शोधतो, दोन-तीन जागची माती एकत्र करतो आणि तिचा चिकटपणा मोडायला काही ना काही घालतो : राख, बारीक वाळू, घोड्याची लीद. लीद म्हटले की शहरातली मंडळी नाक मुरडतात. पण तिच्यातले गवताचे बारीक तंतू ओल्या मातीला धरून ठेवतात आणि आगीत जळून गेले की मागे सूक्ष्म पोकळ्या ठेवतात. माठाला घाम फुटतो तो त्या पोकळ्यांतून.

चुनखडीचा धडा मी स्वतः घेतला. पहिल्यांदा नदीकाठची माती स्वतः आणून वीसेक वाट्या केल्या, भाजल्या, सगळ्या एकसारख्या लाल निघाल्या. आनंदाने घरोघरी वाटल्या. आठ-दहा दिवसांत एकेक फोन यायला लागला. वाटीच्या अंगावरून नखाएवढे टवके उडत होते, आणि प्रत्येक खड्ड्याच्या तळाशी पांढरा ठिपका. मावशींकडे एक वाटी घेऊन गेले. त्यांनी ठिपक्याला नख लावले आणि सांगितले, चुनखडी आहे, चाळली नाहीस. दख्खनच्या मातीत चुनखडीचे बारीक खडे असतातच. भट्टीत त्यांचा कळीचा चुना होतो. नंतर तो हवेतली ओल पितो, फुगतो आणि वरची माती उडवून लावतो. भट्टीतून धडधाकट निघालेले भांडे फडताळात बसल्या बसल्या फुटते ते असे. तेव्हापासून माती पूर्ण सुकवून, कुटून, बारीक चाळणीने चाळल्याशिवाय मी पुढे जात नाही. ‘चाळणे’ हे प्रकरण या पुस्तकात वाजवीपेक्षा लांबले आहे ते याच कारणाने.

चाकाबद्दल लोक खूप बोलतात, कारण ते बघायला सुंदर असते. कुंभार काठीने चाकाला गती देतो, गोळा मधोमध धरतो, अंगठे आत जातात, माती वर उठते, काठ उमलतो, दोरा फिरतो आणि भांडे वेगळे होते. दोन मिनिटांचा खेळ. पण माठ चाकावर पूर्ण होत नाही, आणि हे मला कोणत्याही पुस्तकाने सांगितले नव्हते. चाकावरून उतरते ते एक जाडजूड, बसके भांडे. त्याचा गळा आणि काठ तेवढे पूर्ण झालेले असतात. पोट अजून व्हायचे असते. ते एक-दोन दिवस सावलीत मुरते, आणि मग खरे काम सुरू होते. कुंभार मांडी घालून बसतो, भांडे मांडीवर घेतो, डावा हात आत घालतो. त्या हातात दगडाचा गुळगुळीत गोळा असतो. उजव्या हातात लाकडी थापटणे. आतला गोळा आणि बाहेरचे थापटणे नेमके एकाच जागी समोरासमोर यायला हवेत, मधे फक्त माती. ठप्, ठप्, ठप्, आणि प्रत्येक ठोक्याला भांडे थोडे फिरते. माती दबते, पसरते, पोट फुगत जाते. थापटणे चिकटू नये म्हणून मधूनच राखेचा हात फिरतो. मग पुन्हा वाळवण, पुन्हा थापटणी, असे दोन-तीन वेळा. शेवटी भिंत चार-पाच मिलिमीटरवर येते आणि भांडे सुरुवातीच्या जवळजवळ दुप्पट दिसते. आतला हात दिसत नसतो. डोळे मिटून ऐकले तरी कळते की भिंत कुठे पातळ झाली आहे, कारण तिथे ठोक्याचा सूर बदलतो. माठाचे बूड गोल का, तो उभा राहत नाही मग त्याला चुंबळ का लागते, हे प्रश्न लोक विचारतात. थापटून घडवलेल्या भांड्याला कोपरा नसतो. कोपरा नसला की वाळताना आणि भाजताना ताण एका जागी साठत नाही.

इथे एक गोष्ट स्पष्ट लिहायला हवी. देशातल्या बहुतेक कुंभारवस्त्यांत बायकांनी चाकाला हात लावायचा नाही असा दंडक चालत आला आहे. मी चाक शिकले ते शहरातल्या स्टुडिओत, विजेच्या चाकावर. वस्तीत पहिल्या दिवशी मी उत्साहाने चाकाकडे गेले तेव्हा सगळे गप्प झाले, आणि ती शांतता मी विसरलेले नाही. पण माती आणणे, कुटणे, चाळणे, तुडवणे, घोटणे, काव लावणे, वाळवणात उलटसुलट करणे, आवा रचायला हात लावणे आणि बाजारात बसून विकणे, ही सगळी कामे बायका करतात. चाकावरची दोन मिनिटे सोडली तर मडके बाईच्याच हातात असते. या कोशातले निम्म्याहून जास्त शब्द मला बायकांनी दिले. कारागिरांची यादी करताना मात्र चाकावर बसणाऱ्याचेच नाव लिहिले जाते. ते चूक आहे.

आव्याविषयी थोडे विस्ताराने लिहिते, कारण आवा पेटलेला पाहण्याची संधी आता कमी जणांना मिळते. मोकळ्या जागेत किंवा अर्धगोल भिंतीच्या आत खाली लाकूड आणि गोवऱ्या, वर मडकी, मडक्यांच्या मधे भुसा, पुन्हा गोवऱ्या, त्यावर गवत-पेंढा आणि सगळ्यांवर फुटक्या खापऱ्यांचे आणि राखेचे पांघरूण. संध्याकाळी पेटवतात. सुरुवातीचे तास धीराचे असतात, कारण आधी मातीत मुरलेले पाणी निघून जायला हवे. मग येतो तो टप्पा, जिथून माती परत फिरत नाही. मातीच्या कणांच्या रचनेतच पाणी बांधलेले असते. शुद्ध केओलिनच्या, म्हणजे खऱ्या चिनी मातीच्या, वजनात ते सुमारे 14 टक्के असते. साधारण 450 ते 600 अंश सेल्सियसच्या दरम्यान ते सुटते, आणि त्यानंतर ती माती कितीही भिजवली तरी तिचा चिखल होत नाही. त्याआधी फुटलेले मडके पुन्हा माती होते, त्यानंतर फुटलेले खापर होते. माती आणि खापर यांच्यामधली रेघ ती हीच. 573 अंशांना मातीतल्या गारेचे स्फटिक एकाएकी प्रसरण पावतात आणि थंड होताना त्याच अंशाला आकसतात, म्हणून आवा उघडायची घाई करायची नाही. उघड्या आव्याचे तापमान साधारण 700 ते 900 अंशांपर्यंत जाते. कुंभाराकडे मापक नसते. तो फटीतून मडक्याचा रंग बघतो.

लाल आणि काळे मडके एकाच मातीचे असू शकते, हे सांगितले की ऐकणाऱ्याला नवल वाटते. मातीतल्या लोहाला भाजताना भरपूर हवा मिळाली तर ते लाल होते. शेवटी आवा झाकून धुराने कोंडला तर हवा तुटते, लोह काळवंडते आणि धुरातला कार्बन भांड्याच्या अंगात शिरतो. काळा तवा आणि काळी मडकी यांना कोणी रंग दिलेला नसतो. घोटून ठेवलेल्या अंगावर तो काळेपणा तेल लावल्यासारखा चमकतो. ‘घोटीव’ हा शब्द आपण आता मूर्तीला किंवा अक्षराला लावतो. कुंभारवाड्यात तो गुळगुळीत गोट्याने तासन्‌तास घासलेल्या मडक्याला लावतात.

खापराचे भांडे आगीवर चालते आणि काचेसारखे चकचकीत, महागडे स्टोनवेअर आगीवर तडकते, याचे कारण कमी भाजणीत आहे. कमी भाजलेल्या, जाड वाळूच्या मातीत पोकळ्या असतात. तडा निघाला तरी तो पहिल्या पोकळीपाशी थांबतो. खानदेशात उलट्या खापरावर मांडे भाजतात, तेव्हा त्या खापराच्या खाली जाळ आणि वर हातावर पसरवलेली पातळ पोळी असते. अलिबागकडे थंडीत पोपटी लावतात : मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, कांदे, बटाटे, अंडी, मडके शेतात उलटे ठेवायचे आणि भोवती जाळ. दोन्हीकडे भांड्याला एका बाजूने प्रचंड ताप आणि दुसऱ्या बाजूने ओल असते. हे सोसणे नाजूक भांड्याचे काम नाही.

चिनी मातीपाशी आले की भाषेची गफलत होते. आपण ज्या लोणच्याच्या बरणीला चिनी मातीची म्हणतो, वरून तपकिरी आणि खाली पिवळसर, दादरा बांधून माळ्यावर ठेवलेली, ती बहुतेक वेळा स्टोनवेअरची असते. 1200 ते 1300 अंशांना भाजल्यामुळे तिचे अंग दगडासारखे घट्ट झालेले असते. मीठ आणि आंबट तेल तिच्यात शिरत नाही, उजेड जात नाही, वासही धरत नाही. खरी चिनी माती म्हणजे केओलिन. हे नाव चीनमधल्या च्यांगशी प्रांतातल्या गाओलिंग या ठिकाणावरून आले. तिथली पांढरी माती जवळच्या चिंगडेचनच्या भट्ट्यांत गेली आणि जगभर पोर्सेलीन झाली. केओलिन, फेल्डस्पार आणि गार या तिघांच्या मेळातून पोर्सेलीन होते. केओलिन अंग देते, गार हाड देते आणि फेल्डस्पार वितळून दोघांना बांधतो. कोशात मी ‘चिनी माती’ या नोंदीखाली दोन्ही अर्थ दिले आहेत. बरणीला चिनी मातीची म्हणणाऱ्याला चूक ठरवायची माझी इच्छा नाही, पण माती विकत घेताना हा फरक कळला नाही तर पैसे जातात.

ग्लेझला मराठी शब्द कोणता, यावर मी बरीच वर्षे अडले होते. झिलई आहे, चकाकी आहे. दोन्ही चांगले शब्द. पण झिलई घासूनही येते, आणि चकाकी हा परिणाम आहे, पदार्थ नव्हे. ग्लेझ म्हणजे भांड्याच्या अंगावर वितळून बसलेली काच. सिलिका एकटी वितळायला 1700 अंशांच्या आसपास ताप लागतो. तो कमी करायला कॅल्शियम, सोडियम, पोटॅशियम यांची संयुगे घालतात, आणि वितळलेली काच खाली ओघळू नये म्हणून अॅल्युमिना. त्यात एक-दोन टक्के लोह घालून हवा कोंडून भाजले की निळसर हिरवी झाक येते, तेच लोह आठ-दहा टक्के झाले की गर्द काळा-तपकिरी रंग. तांबे हवेत हिरवे आणि कोंडल्यावर लाल. हे सगळे मागे ठेवून ‘झिलई’ म्हणणे मला जमले नाही. शेवटी ‘ग्लेझ’ तसाच ठेवला. स्टेशन, टेबल ठेवले तसा. ‘कोन’ही ठेवला. 1886 मध्ये बर्लिनच्या हर्मन झेगर यांनी भट्टीत ठेवायचे हे मातीचे सुळके तयार केले. ठरावीक ताप ठरावीक वेळ मिळाला की सुळका वाकतो. तापमापक फक्त अंश सांगतो, कोन मातीवर झालेले काम सांगतो. आव्याच्या फटीतून रंग बघणारा कुंभार आणि वाकणारा कोन एकाच प्रश्नाचे उत्तर देतात, म्हणून कोशात ते शेजारी शेजारी आहेत.

स्टुडिओतल्या या कामाचा आपल्याकडचा इतिहास फार जुना नाही. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत 1870 च्या दशकात जॉर्ज टेरी यांच्या पुढाकाराने भांड्यांची कार्यशाळा चालली आणि अजिंठ्याच्या भिंतींवरची वेलबुट्टी ग्लेझखाली आली. जपानमध्ये शिकून आलेल्या सरदार गुरचरण सिंग यांनी 1952 मध्ये दिल्ली ब्लू पॉटरी उभी केली. 1971 मध्ये पाँडिचेरीत रे मीकर आणि डेबोरा स्मिथ यांनी गोल्डन ब्रिज पॉटरी सुरू केली आणि पुढच्या पिढीतले कितीतरी स्टुडिओ-कुंभार तिथून बाहेर पडले. हा प्रवाह आणि कुंभारवाड्याचा प्रवाह एकाच शहरात राहून एकमेकांशी फारसे बोललेले नाहीत. पुण्यात कसब्यातला कुंभारवाडा आणि मुंढव्याचे केशवनगर, आणि तासाभराच्या अंतरात कितीतरी स्टुडिओ. एकीकडे शब्द आहेत पण लिहिलेले नाहीत, दुसरीकडे लिहिलेले आहेत पण इंग्रजीत. हा कोश दोघांच्याही टेबलावर आणि ओट्यावर पडावा, एवढ्यासाठी मी तो केला.

शब्द गावागणिक बदलतात, याची कल्पना वाचकाने ठेवावी. धारावीच्या कुंभारवाड्यातली बरीच घरे सौराष्ट्रातून आलेली, तिथे आव्याला निंभाडो म्हणतात. मातीच्या झाकणाला कुठे येळणी, कुठे वेळणी, कुठे परळ. मी एकच ‘बरोबर’ शब्द ठरवलेला नाही. ज्या भागात ऐकला तो भाग नोंदीत दिला आहे. शाडूला मात्र स्वतंत्र प्रकरण दिलेले नाही. गणपतीची शाडू साच्यात दाबतात, ती भाजायची नसते, पाण्यात परत जायची असते. तिचे शब्द मूर्तिकारांचे आहेत आणि त्यांच्याकडूनच यायला हवेत.

घरातली, सणातली भांडी त्यांच्या क्रियापदांबरोबर सापडतील. संक्रांतीचे सुगड, नवरात्राचा घट, अक्षय्य तृतीयेला पाण्याने भरून द्यायची केळी, दिवाळीची पणती, भुलाबाईची बोळकी. आणि शेवटच्या प्रवासात खांद्यावर फिरवून फोडायचे मडके. ‘खापर फोडणे’ आणि ‘घटस्फोट’ मी मुद्दाम ‘फुटणे’ या एकाच प्रकरणात ठेवले आहेत. कोर्टात रोज उच्चारला जाणारा तो दुसरा शब्द मुळात जातीतून कोणाला कायमचे वजा करताना फोडलेल्या घड्याचा आहे, हे माहीत झाल्यावर मला तो सहज तोंडी आणता येत नाही.

कोश कसा वापरावा याबद्दल एवढेच, की ‘भिजवणे’ हे प्रकरण वाचण्याआधी मूठभर माती भिजत घालावी. अंगणातली चालेल, कुंडीतली नको. आधी ती उन्हात खडखडीत वाळवावी आणि खडे फोडून घ्यावेत. ओलसर ढेकूळ पाण्यात टाकले तर ते दिवस दिवस तसेच राहते, आत पाणी शिरत नाही. पूर्ण सुकलेली माती मात्र पाणी ओढून घेते, बुडबुडे येतात आणि ढेकूळ आपोआप ढासळत जाते. वरून पाणी ओतायचे नाही, मातीच पाण्यात टाकायची, आणि हात घालून ढवळायचे नाही. रात्री टाकली तर सकाळी भांड्याच्या तळाशी मऊ साय बसलेली असेल. वरचे पाणी हलकेच ओतून टाका, बोट बुडवा आणि मग पान उलटा.